काळी ज्वारी आणि तांदळाची कणी

घुग्घुस हें गांव कोळशाकरितां प्रसिद्ध आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील हें इंधन भूगर्भांत तयार होण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं. भोंवतालच्या काळ्या जमिनींत चार महिन्यांत पिकणाऱ्या धान्यांतही इंधन असतें. परंतु तें किती निघेल, हें पुष्कळसें आकाशावर अवलंबून आहे.

पेट्रोलमध्यें मिसळावयाचा मद्यार्क धान्यांतील पिष्टसत्त्वापासून निघतो. पीठ पाण्यांत शिजवून त्यांतील पिष्टाची साखर करतात, ती यीस्टनें आंबवितात व ऊर्ध्वपातनानें मद्यार्क वेगळा काढतात. शंभर किलो पिष्टापासून हिशेबानें सुमारें 72 लिटर मद्यार्क मिळावयास पाहिजे. प्रत्यक्षांत थोडा कमी मिळतो. म्हणून कारखानदारास धान्याच्या वजनापेक्षां पिष्टाची किंमत अधिक.

हें पिष्ट फुलोऱ्यानंतर दाण्यांत सांठूं लागतें. त्या दिवसांत पाण्याची ओढ पडली किंवा ऊन फार तापलें, तर दाणा बारीक राहतो व त्यांत पिष्टाच्या मानानें प्रथिनें वाढतात. नत्रखत अधिक झाल्यानेंही प्रथिनांचें प्रमाण वाढतें. खाणारास हा लाभ, पण इंधनाच्या हिशेबीं ही तूट होय.

पाऊस अवेळीं आला तर वेगळीच हानि होते. खरीप ज्वारीचीं कणसें पक्व होतांना पावसांत सांपडलीं म्हणजे दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडतो. बुरशी पिष्ट खाते. दाणा कणसांतच अंकुरला तर आणखी पिष्ट खर्ची पडतें. शिवाय मद्यार्क काढल्यावर धान्याचा सुमारें एक तृतीयांश चोथा उरतो. तो गुरांना घालतात. धान्यांत बुरशीचें विष असेल तर तें मद्यार्काबरोबर जात नाहीं. चोथ्यांत सुमारें तिप्पट दाट होऊन गव्हाणींत येतें.

याच चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेस, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे, धान पिकतो. कापणीच्या सुमारास दिवसाच्या उन्हानें वाळलेला दाणा रात्रीच्या दंवानें ओलावतो. त्यास सूक्ष्म तडे जातात आणि गिरणींत त्याची कणी होते. कणीचा भाव उतरतो; तिच्यांतील पिष्ट मात्र जसेंच्या तसें असतें.

महाराष्ट्र शासनानें 2007 मध्यें धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांस उत्तेजन दिलें. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानें खराब धान्य व तांदळाची कणी यांस मुभा दिली. 2022 मध्यें पेट्रोलांत 20 टक्के मद्यार्क मिसळण्याचें उद्दिष्ट 2030 ऐवजीं 2025-26 वर आणलें. मागणी वाढली तसा हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला. काळ्या ज्वारीचें सत्त्वच घटलेलें असतें. तिची तपासणी झाल्यावांचून चोथा गुरांपुढें जाऊं नये. कणीचें केवळ रूप मोडलेलें असतें. ती भट्टीला उत्तम, तशीच चुलीलाही उत्तम. आणि गरीब घरांत कण्यांचा भात रोज शिजतो. तेव्हां धान्यास खराब म्हणण्यापूर्वीं तें कोणाच्या कामास खराब, हें आधीं विचारलें पाहिजे.