खुब्याचं ऑपरेशन, वेदना आणि कानावर पडणारे सूर

वजू करताना ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, अशी एखादी दादी किंवा नानी प्रत्येक मोहल्ल्यात सापडते. ऑपरेशन होतं, रॉड किंवा कृत्रिम सांधा बसतो, सर्जन म्हणतात सगळं व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन येतात आणि अम्मी म्हणतात, “आज नको, फार दुखतंय.”

हे ‘आज नको’ महागात पडतं. वयस्कर माणूस पडून राहिला की पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. त्यामुळे वेदना आटोक्यात ठेवणं ही नुसती आरामाची बाब नाही. दुखणं कमी असेल तरच रुग्ण उभा राहतो. मग औषधं वाढवावीत, तर मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या-इंजेक्शनांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, बद्धकोष्ठ होतं, कधी कधी भ्रमही होतो. औषधांना जोड देणारं काही मिळालं तर हवंच असतं. संगीत ही अशी एक जोड आहे.

2015 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या संशोधकांचा मोठा आढावा आला. वेगवेगळ्या शस्त्रक्रियांवरच्या 73 चाचण्या आणि सुमारे 7 हजार रुग्ण त्यात होते. संगीत ऐकलेल्यांना दुखणं कमी जाणवलं, धास्ती कमी झाली, वेदनाशामक औषधंही कमी लागली. दवाखान्यातले दिवस मात्र कमी झाले नाहीत, हेही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे हाड लवकर जुळतं असं कोणी सांगत असेल तर त्याला या आढाव्यात आधार नाही.

हे होतं कसं? मार लागला की आपण ती जागा चोळतो आणि बरं वाटतं. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये याचा खुलासा केला: वेदनेच्या संदेशाला वाटेत जणू एक दार असतं, आणि ते दार इतर संवेदना, मनाची स्थिती यांनी कमी-जास्त उघडतं. भीतीने स्नायू आखडतात, श्वास उथळ होतो, दुखणं वाढतं. ओळखीचा, संथ आवाज कानावर पडला की लक्ष तिकडे जातं, श्वास लांब होतो, अंग सैल पडतं.

आता आपल्या घरांत लगेच येणारा प्रश्न: संगीत चालेल का? उलेमांमध्ये यावर जुना मतभेद आहे आणि फतवा देण्याचं काम आमचं नाही. पण वाद्यं नकोत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी वाट बंद नाही. इराणमध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांना कुराणाची तिलावत ऐकवून बरेच अभ्यास झालेत. बहुतेक लहान आहेत, पण धास्ती कमी झाल्याचं त्यांपैकी अनेकांत दिसलं. वाद्यांशिवायची नात, हम्द आहेच. दुसरीकडे, एदिर्ने शहरात सुलतान बायझीद दुसरे यांनी 1488 मध्ये पुरा केलेला दवाखाना आहे. 17 व्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो की तिथे रुग्णांसाठी दहा गायक-वादक नेमलेले होते आणि ते आठवड्यातून तीनदा येत.

निवड रुग्णाची असावी. लॅन्सेटच्या आढाव्यात निवड कोणी केली यावरून फार फरक दिसला नाही, तरी आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं. अब्बांना तलत-रफी आवडत असतील तर नातवाने स्वतःची प्लेलिस्ट लादू नये. तिलावत लावली तर ती ऐकण्यासाठी लावा. अयादतीला आलेल्या पाहुण्यांच्या गप्पांमागे ती वाजत राहणं अदबीला धरून नाही, आणि रुग्णाला फायदाही नाही.

ड्रेसिंगच्या आधी, व्यायामाच्या अर्धा तास आधी, रात्री झोपताना, अशा वेळा धराव्यात. आवाज हळू ठेवावा. जनरल वॉर्डात शेजारच्या खाटेवरही आजारीच माणूस असतो, तिथे हेडफोन वापरा. वॉकरने चालताना मात्र हेडफोन काढा. सोबतच्याचं ‘थांबा’ ऐकू आलं पाहिजे.

डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर द्यायचीच. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड-वाकडा दिसला, तर मोबाईल गाणी लावायला नाही, डॉक्टरांना फोन करायला उचला.

आणि एक साधी गोष्ट. दादीला कानाचं मशीन असेल तर ऑपरेशनच्या आधी ते काढलेलं असतं आणि पुष्कळदा घरच्या पिशवीतच राहून जातं. ते आधी कानाला लावा, मग काय ऐकायचं ते त्यांना विचारा.