दामाजी

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मस्थान होय. तिच्या वडिलांचे नाव दमा होते, असे परंपरेने सांगतात. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली. हे दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. पिता दमा आणि आश्रय देणारे दामाशेटी! पुढे बहमनी राजवटीत मंगळवेढ्यास दामाजीपंत होऊन गेले. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील दामाजी १७६१ साली पानिपतच्या रणांगणावर होते.

याच नावाला मराठीत एक गमतीचा अर्थ होता. पैशाचे नाव उघड घ्यावयाचे नसले, म्हणजे जुनी माणसे त्यास 'दामाजी' म्हणत. 'यात्रेस जावे असे मनात आहे, पण दामाजीपंत प्रसन्न नाहीत,' असे कोणी म्हटले, की त्याच्या कनवटीला पैसा नाही, हे ऐकणारास समजे.

मग दामाजी म्हणजे पैसेवाला, असा या नावाचा अर्थ घ्यावयाचा काय? तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते खरे नव्हे.

पैशाचा वाचक 'दाम' हा शब्द फार लांबून आला आहे. ग्रीक लोकांत 'द्राख्मे' नावाचे चांदीचे नाणे चाले. भारताच्या वायव्येस ग्रीक राजे राज्य करू लागले, तेव्हा ते नाव या देशात रुजले. संस्कृतात त्याचे 'द्रम्म' झाले आणि लोकांच्या तोंडी घासून 'दाम' उरले. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती' ग्रंथात त्याचे कोष्टकच दिले आहे: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म. हिशेब केला, तर एका द्रम्मास १२८० कवड्या पडतात. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते. ४० दामांचा एक रुपया धरीत. दामाचा आठवा भाग ती दमडी. चमडी गेली तरी चालेल, पण दमडी जाता कामा नये, असे ज्याच्याविषयी म्हणतात, तो कृपण मनुष्य रुपयाच्या ३२०व्या भागासाठी जीव टाकीत असतो! जुन्या राजनीतीत साम, दान, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले आहेत. त्यांतील 'दान' जाऊन बोलण्यात 'दाम' आला, तो याच दामाच्या प्रतापाने.

दामाजी या नावाचे मूळ मात्र टांकसाळीत नाही, ते गोठ्यात आहे. संस्कृतात 'दामन्' म्हणजे दोरी. मराठीत गाईगुरांना बांधण्याचे जे दावे, ते याच शब्दापासून झालेले आहे. यशोदेने खोडकर कृष्णाच्या पोटाला दोरी बांधून त्यास उखळाशी जखडले, म्हणून कृष्णाचे नाव दामोदर पडले. नामदेवाचा जसा नामा होतो, तसा दामोदराचा दामा होतो. आणि आदरार्थी 'जी' जोडला, की दामाजी.

उच्चार एकच, पण मुळे अगदी निराळी. ती एकत्र आणण्यास मंगळवेढ्याची कथा कारण झाली असावी. घोर दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. बीदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणविले. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची सारी रक्कम दरबारात भरली, अशी श्रद्धा आहे. दामाजीच्या नावे दाम भरला गेला! शब्दांशी खेळणाऱ्या लोकांनी ही जोडी सहज उचलली असेल.

द्रम्म गेला, अकबराचा दामही गेला. १९५७ साली दशमान नाणी सुरू झाल्यावर आणे आणि पैही मागे पडल्या. पैशाला दामाजी म्हणणारी माणसे आता क्वचितच भेटतात. परंतु दामाजी नावाचे आजोबा खेड्यापाड्यांतून अजून आढळतात, आणि संध्याकाळी गाय परतली, की तिच्या गळ्यात दावे अडकवितात.