संस्था काढायची आहे? आधी परवाना, मग पेटी!



रास अल खोरच्या कारखान्यांत, भाजीबाजारात, जुन्या गाड्यांच्या बाजारात आपले अनेक बांधव काम करतात. त्यांच्यापैकी कुणाची नोकरी गेली, कुणाचे अकस्मात निधन झाले, की आम्हा कार्यकर्त्यांना एकच प्रश्न येतो : "अशा वेळी मदत करणारी स्वतंत्र संस्था आपण का काढत नाही?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

संस्था काढणे आपल्याला नवे नाही. भारतात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे उद्देश आणि नियमावली लिहून नोंदणी करू शकतात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. गावात वर्गणी मात्र त्याच्या कितीतरी आधीच सुरू झालेली असते!

दुबईत असे चालत नाही. २०१७ च्या कायदा क्र. १२ नुसार अशा संस्थेला समाज विकास प्राधिकरणाचा परवाना आधी लागतो. देणग्यांसाठी २०१५ चा वेगळा आदेश आहे. इस्लामी व्यवहार व धर्मादाय कार्य विभागाच्या मंजुरीशिवाय देणगी गोळा करायला, तिचे आवाहन करायलाही मनाई आहे. २०२१ च्या संघीय कायद्यात तर दंड आणि तुरुंगवास, दोन्हींची तरतूद आहे. म्हणजे मित्राच्या दुःखात चांगल्या मनाने फिरवलेली वर्गणीची वही फिरवणाऱ्यालाच गोत्यात आणू शकते. प्रयोगशाळेत आम्ही बाटली भरण्यापूर्वी तिच्यावर चिठ्ठी लावतो. इथेही तोच नियम पाळायचा.

मग तोवर हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. भारत सरकारचा भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. अडचणीतल्या गरजू भारतीयांना तातडीचे उपचार, परतीचे विमानभाडे, पार्थिव मायदेशी नेणे यासाठी त्यातून मदत मिळू शकते. अर्ज भारतीय वाणिज्य दूतावासाकडे करावा लागतो. कागदपत्रे गोळा करून देणे, अर्ज लिहून देणे, सोबत जाणे, यासाठी पेटी लागत नाही, माणूस लागतो.

आता नव्या संस्थेविषयी. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी तिचे प्रमुख कार्यकर्ते. सभासद होणाऱ्याने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. आपण कुणाच्या वतीने बोलतो, हे त्या मंडळींनी आधी ठरवले होते.

आपणही तिथूनच सुरुवात करू या. आपल्या इमारतीतली, आपल्या कामाच्या ठिकाणची किती कुटुंबे तुमच्यावर विश्वास टाकतील? त्यांची मुख्य गरज कोणती? हिशेब कोण ठेवील? एवढे कागदावर लिहून कार्यकर्त्यांकडे द्या. त्यावरून ठरेल, की परवान्यासाठी अर्ज करायचा, की आधीच परवाना असलेल्या एखाद्या संस्थेला मनुष्यबळ द्यायचे.

आणि हो, पैसे मात्र कुणीही पाठवू नयेत. सध्या तुमचा वेळ हवा आहे!