३४ इंचांच्या पडद्याचे कोपरे

मॉनिटरचा आकार इंचांत सांगितला जातो आणि ते इंच कर्णाचे असतात. म्हणून २७ इंचांच्या नेहमीच्या मॉनिटरशेजारी ३४ इंचांचा अल्ट्रावाइड ठेवला की पाहणारा चक्रावतो. दोघांची उंची जवळपास सारखीच असते, साधारण ३३ सेंटिमीटर. वाढते ती फक्त रुंदी. ६० सेंटिमीटरची ८० होते. मोठा पडदा निवडताना कर्णापेक्षा प्रमाण आधी पाहावे लागते ते यासाठी.

सर्रास दिसणारे १६:९ हे प्रमाण टीव्हीकडून मॉनिटरकडे आले. उच्च दर्जाच्या टीव्हीचा पडदा किती रुंद असावा, हा प्रश्न १९८०च्या दशकात अमेरिकी अभियंता केर्न्स पॉवर्स यांच्यापुढे होता. जुना टीव्ही ४:३, रुंद चित्रपट २.३५:१ आणि अधेमधे आणखी काही प्रमाणे. पॉवर्स यांनी प्रत्येक प्रमाणाचा, पण सारख्याच क्षेत्रफळाचा, एकेक आयत कापला आणि सगळ्यांचे मध्यबिंदू जुळवून ते एकमेकांवर ठेवले. ज्या आयतात ते सगळे मावले त्याचे प्रमाण १.७७ निघाले आणि सगळ्यांना समाईक असलेल्या आतल्या आयताचेही १.७७च. गणिताने पाहिले तर यात नवल नाही, कारण १.३३ आणि २.३५ यांचा भूमितीय मध्य तेवढाच येतो. गंमत अशी की त्या काळी या प्रमाणात कोणीच काही चित्रित करत नव्हते. कोणाचेच नसलेले प्रमाण सगळ्यांच्या पचनी पडले. अल्ट्रावाइडवर छापलेले २१:९ मात्र निव्वळ गोळाबेरीज आहे. ३४४० बाय १४४० पिक्सेलच्या पडद्याचे प्रत्यक्ष प्रमाण २.३९ भरते.

फोटो संपादनात या रुंदीचा उपयोग ठरलेला आहे. डीएसएलआरचा फोटो बहुधा ३:२ असतो. पूर्ण उंचीवर तो ५० सेंटिमीटर जागा घेतो आणि अल्ट्रावाइडवर उरलेल्या ३० सेंटिमीटरमध्ये संपादनाच्या सगळ्या पट्ट्या फोटो न झाकता मांडता येतात. उभ्या फोटोंचे काम जास्त असेल तर ही रुंदी वाया जाते. तेथे ३२ इंचांचा १६:९ पडदा सरस, कारण त्याची उंची ४० सेंटिमीटर असते. गेममध्ये रुंद पडदा दोन्ही बाजूंचा जास्तीचा देखावा दाखवतो. काही स्पर्धात्मक गेम मात्र कोणाला वरचढ संधी मिळू नये म्हणून तो नाकारतात आणि बाजूला काळे पट्टे सोडतात.

पिक्सेल किती बारीक हवेत, हे डोळा ठरवतो. ६/६ नजरेला अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. ६० सेंटिमीटरवरून पाहताना हे अंतर ०.१७ मिलिमीटर होते. २७ इंचांच्या २५६० बाय १४४० पडद्यावरचा आणि ३४ इंची अल्ट्रावाइडवरचा पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा, ३२ इंची ४केचा ०.१८चा आणि २७ इंची ४केचा ०.१६चा असतो. म्हणजे ४के पडदे डोळ्याच्या मर्यादेच्या अल्याड-पल्याड पोहोचतात, बाकीचे नाही. मराठी मजकूर दिवसभर वाचणाऱ्याला हा फरक लवकर कळतो. लहान टायपात रफार आणि अनुस्वार शेजारी आले की जाड पिक्सेलवर त्यांचा एकच ठिपका होतो.

येथपर्यंतची माहिती पेटीवरच्या आकड्यांवरून काढता येते. खरी मेख कोनात आहे. ३४ इंची सपाट पडद्यासमोर ६० सेंटिमीटरवर अगदी मधोमध बसले तरी डाव्या-उजव्या कडा समोरून दिसत नाहीत, सुमारे ३४ अंश तिरप्या दिसतात, आणि तिरपे पाहिले की रंग ढळतात. लहान पडद्यावर हा त्रास जाणवत नसे. शेजारून डोकावणाऱ्याला रंग चुकीचे दिसले तर बिघडत नव्हते. पडदा रुंदावला तसा एकट्या वापरणाऱ्याचाही डोळा काठाकाठाने शेजारी जाऊन बसला.

यामागे एलसीडी पडद्यातल्या द्रवस्फटिकांचा स्वभाव आहे. त्यांचे रेणू लांबुडके असतात आणि प्रकाश कोणत्या दिशेने येतो त्यानुसार त्याच्याशी वेगळे वागतात. टीएन या जुन्या रचनेत रेणू दोन काचांमध्ये पीळ घेऊन बसतात आणि विद्युतदाब दिला की काचेवर उभे राहतात. अर्धवट उभ्या अवस्थेत ते एका बाजूने पाहणाऱ्याला लांब दिसतात, दुसऱ्या बाजूने आखूड. खालून पाहिल्यास चेहरा निगेटिव्हसारखा उलटा काळवंडतो तो याने.

या दोषावरचा एक उतारा बंगळुरूत सापडलेल्या पदार्थवर्गातून आला आणि ज्यांनी तो वर्ग शोधला त्यांचे नाव मॉनिटरच्या कोणत्याही जाहिरातीत येणार नाही. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. नागपूर विद्यापीठातून १९५१ मध्ये पहिल्या क्रमांकाने एम.एस्सी. होऊन ते मामांच्या बंगळुरूच्या संस्थेत संशोधनासाठी गेले. (नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. एकाच घरातल्या दोन चंद्रशेखरांपैकी एक जगप्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याची ओळख दरवेळी पहिल्याचा खुलासा करून द्यावी लागते.) द्रवस्फटिक होण्यासाठी रेणू काडीसारखा लांबच हवा, असा तोवरचा समज होता. १९७७ मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीसारख्या चपट्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतो हे दाखवले. हे रेणू नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचले जातात. शोधनिबंध छापला तो ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात. परदेशी नियतकालिकात छापल्याशिवाय काम मोठे होत नाही, असे मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

लांबुडक्या रेणूंनी तिरप्या प्रकाशात केलेला बिघाड भरून काढायला प्रकाशाशी नेमका उलट वागणारा थर हवा होता आणि चपटे रेणू तसेच वागतात. १९९०च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने त्याच जातीच्या दुसऱ्या संयुगाचा पातळ थर दिलेली फिल्म बाजारात आणली. टीएन पडद्यावर ती चिकटवली की पाहण्याचा कोन रुंदावत असे. पुढची अनेक वर्षे कचेऱ्यांतल्या मॉनिटरांनी या युक्तीवर निभावून नेले. चंद्रशेखर २००४ मध्ये वारले.

फोटोसाठी मात्र नुसती डागडुजी पुरत नाही. १९९६ मध्ये हिताचीने बाजारात आणलेल्या आयपीएस रचनेत रेणू उभे राहत नाहीत, काचेच्या पातळीतच फिरतात. म्हणून तिरपे पाहिले तरी रंग फारसे ढळत नाहीत. व्हीए या तिसऱ्या रचनेच्या पॅनेलचा काळा रंग आयपीएसहून गडद असतो. कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१. पण कडेच्या गडद छटा त्यावर फिक्या दिसतात. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा आणि कोनाचा प्रश्न जवळजवळ नाही. त्याचे दुखणे निराळे आहे. संपादनाची तीच पट्टी रोज तासन्‌तास त्याच जागी राहिली तर तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

पेटीवर कोन छापलेला असतोच, बहुधा १७८ अंश. या आकड्याचा अर्थ माहीत असलेला बरा. त्या कोनातून पाहताना कॉन्ट्रास्ट १०:१ च्या खाली जात नाही, एवढेच तो सांगतो. हजारास एक असलेला कॉन्ट्रास्ट दहावर आला तरी पडदा उत्तीर्ण, आणि रंगांबद्दल तर परीक्षेत प्रश्नच नाही. दुकानात पडदाभर एकसारखा मध्यम राखाडी रंग उघडून नेहमीच्या अंतरावर बसावे आणि मान न हलवता चारही कोपरे पाहावेत. कडा पिवळट, निळसर किंवा धुरकट दिसल्या तर १७८ अंश कागदावरच राहिले असे समजावे.

वक्र पडद्याचे समर्थनही या कोनातच आहे. १८००आर म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्या. वक्रतेमुळे कडा डोळ्याकडे वळतात आणि तिरपेपणा कमी होतो. गेमसाठी आणि विशेषतः व्हीए पॅनेलवर ही सोय चांगली. इमारतींचे फोटो सरळ करणाऱ्याने मात्र सपाट पडदाच घ्यावा.

रंगांच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगले नव्हे. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेली एसआरजीबी ही रंगमर्यादा आजही वेबची आणि बहुतेक फोटो लॅबची भाषा आहे. त्याहून मोठी ॲडोबी आरजीबी चक्क चुकीतून जन्मली. फोटोशॉप ५.० साठी टीव्हीच्या एका मानकातले आकडे घेताना ते मुख्य मजकुरातून न घेता परिशिष्टातल्या आदर्श मूल्यांच्या तक्त्यातून उतरवले गेले आणि त्यातही लाल रंगाचा आकडा चुकला. चूक कळेपर्यंत ती छपाईच्या कामाला सोयीची ठरली होती. मग तीच ‘ॲडोबी आरजीबी (१९९८)’ या नावाने कायम झाली. छापील काम करणाऱ्याला तिचा उपयोग आहे. इतरांसाठी ‘एसआरजीबीच्या १२५ टक्के’ ही जाहिरात अर्धवट आहे. रंगांचे व्यवस्थापन नसलेल्या प्रोग्राममध्ये असा पडदा प्रत्येक रंग भडक करतो आणि लग्नाच्या फोटोतली हळद केशरी होते. म्हणून रुंद रंगमर्यादेच्या मॉनिटरला एसआरजीबीवर आवळण्याची सोय आहे का, हे विचारावे. उजेडही आवरता हवा. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट्स पुरतात. ३०० निट्सवर फोटो सुधारले की प्रिंट काळपट येतात आणि बोल लॅबला लागतो.

गेमचे भौतिकशास्त्र वेगळे आहे. येथे पडदा चित्र बदलतो किती वेगाने, यापेक्षा एक चित्र धरून किती वेळ ठेवतो हे महत्त्वाचे. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने पळणाऱ्या गाडीचा डोळा सलग पाठलाग करतो, पण ६० हर्ट्झचा पडदा तिला १६.७ मिलिसेकंद एकाच जागी उभी ठेवतो. तेवढ्या वेळात नजर १६ पिक्सेल पुढे गेलेली असते आणि डोळ्यात गाडी तितकी फरपटते. १४४ हर्ट्झला ही फरपट सातच्या आत येते, २४०ला चार पिक्सेलवर. पिक्सेल क्षणार्धात रंग बदलत असले तरी हा धूसरपणा उरतो. ‘१ मिलिसेकंद’ या मोठ्या अक्षरांकडे म्हणूनच फार पाहू नये. एलसीडीत तो वेग बहुधा पिक्सेलना इतके जोरात ढकलून मिळवलेला असतो की हलत्या वस्तूमागे उलट रंगाची सावली दिसू लागते.

हे सगळे पिक्सेल ग्राफिक्स कार्डाला रंगवायचे असतात. ४के पडदा १४४ हर्ट्झवर सेकंदाला सुमारे ११९ कोटी पिक्सेल मागतो, ३४ इंची अल्ट्रावाइड ७१ कोटी. हा वेग सतत टिकत नाही, म्हणून कार्डाच्या चालीने रिफ्रेश रेट बदलणारी ॲडॅप्टिव्ह सिंकची सोय असलेलाच मॉनिटर घ्यावा. एचडीआर ४०० च्या शिक्क्यासाठी मात्र पैसे मोजू नयेत. त्यासाठी ४०० निट्सचा उजेड लागतो, पण मागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सक्ती नसते.

फोटोचे काम पोटाचे आणि गेम विरंगुळ्याचा असेल तर ३२ इंची सपाट ४के आयपीएस घ्यावा. गेम आधी आणि फोटो हौसेचे असतील तर ३४ इंची अल्ट्रावाइड, परवडल्यास ओलेड. पॅनेल कोणतेही असो, त्याचे रंग काळानुसार सरकतात. त्यामुळे पुढच्या श्रेणीतल्या मॉनिटरसाठी राखलेल्या पैशांतून आधी रंगमापक घ्यावा आणि दर एक-दोन महिन्यांनी कॅलिब्रेशन करावे.