जुन्या सीडीतली गाणी कॉम्प्युटरवर घेताय? आधी तुमचा ड्राइव्ह खरं बोलतो का ते तपासा

शिमग्याला किंवा गणपतीला मुंबईहून गुहागरला गेलेला चाकरमानी घराची साफसफाई करायला घेतो आणि माळ्यावरच्या खोक्यात हमखास एक गठ्ठा सापडतो. जुन्या सीडींचा. त्यात नाट्यसंगीताच्या, अभंगांच्या विकत आणलेल्या सीडी असतात. पण त्यांच्यासोबत मार्करने नाव लिहिलेल्या दोन-चार सीडीही असतात. एखाद्या वर्षीचं वाडीचं नमन, जाखडीचा रंगलेला सामना, नाहीतर घरातल्याच कुणीतरी म्हटलेली भजनं.

विकतच्या सीडीची दुसरी प्रत कुठेतरी मिळू शकते. मार्करने नाव लिहिलेल्या सीडीची मिळत नाही. त्यातला गाणारा बुवा कदाचित आता हयातही नसतो.

मग ठरतं, की हे सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन टाकू. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो, म्हणून ऑनलाइन एक यूएसबीवाला ड्राइव्ह मागवला जातो. सीडी घातली, कॉपी केली, झालं काम.

खरंच झालं का?

पहिली फसगत : ४४ बाइटची फाइल

विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा नावाच्या, शेवटी 'सीडीए' लिहिलेल्या फाइल्स दिसतात. लोक त्याच उचलून पेन ड्राइव्हवर टाकतात. सेकंदभरात कॉपी होते आणि आनंद होतो.

पण त्या फाइलमध्ये गाणं नसतंच. प्रत्येक फाइल जेमतेम ४४ बाइटची असते. त्यात फक्त 'गाणं सीडीवर अमुक ठिकाणी सुरू होतं आणि इतकं लांब आहे' एवढीच माहिती असते. म्हणजे घराचा पत्ता लिहून घेतला आणि घरच उचलून आणलं असं समजलं, तसला प्रकार. अशी कॉपी करून कुणी मूळ सीडी भंगारात दिली, तर गाणं कायमचं गेलं.

आणखी एक गोष्ट. नमन-जाखडीच्या बऱ्याच डिस्क व्हीसीडी असतात, म्हणजे त्यात चित्रीकरण असतं. डिस्क उघडल्यावर 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसलं तर ती व्हीसीडी. तिच्यातली मोठी 'डॅट' फाइल कॉपी केली की काम होतं. पुढची सगळी भानगड आहे ती फक्त आवाजाच्या, म्हणजे ऑडिओ सीडीची.

ऑडिओ सीडी इतर सीडीपेक्षा वेगळी का?

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये ती बाजारात आली. तेव्हा डोळ्यांसमोर होता दिवाणखान्यातला सीडी प्लेअर. ही सीडी उद्या कॉम्प्युटरमध्ये घालून तिची हुबेहूब नक्कल काढतील, हा विचार त्या नियमांमध्ये नव्हता.

सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगवेगळे. एका सेकंदाचे ७५ तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा असतो.

डेटा सीडीमध्ये याच २,३५२ बाइटपैकी तुमची माहिती असते फक्त २,०४८ बाइट. उरलेल्या जागेत त्या तुकड्याचा नेमका पत्ता आणि चूक झाली तर ती पकडून दुरुस्त करायची जादा सोय असते. म्हणून फोटोंची सीडी खराब झाली की कॉम्प्युटर सरळ 'वाचता येत नाही' म्हणून सांगतो.

ऑडिओ सीडीत मात्र सगळेच्या सगळे २,३५२ बाइट आवाजाला दिलेले असतात. त्या तुकड्यात पत्ता नसतो आणि ती जादा सोयही नसते.

चूक झाली तरी कळत का नाही?

ऑडिओ सीडीतही दुरुस्तीची एक मूळ व्यवस्था असतेच. एका ठिकाणची माहिती पसरवून लिहिलेली असते, त्यामुळे साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा खराब पट्टासुद्धा ती पूर्ण भरून काढू शकते. ही दुरुस्ती अस्सल असते, मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात.

ओरखडा त्याहून मोठा असेल तर? मग अंदाज लावला जातो. आधीचा नमुना आणि नंतरचा नमुना बघून मधली जागा भरली जाते. ऐकताना हे बरं असतं, कारण गाणं अडखळत नाही. पण नक्कल काढताना हाच अंदाज मूळ आवाज म्हणून फाइलमध्ये लिहिला जातो. स्क्रीनवर काहीच सूचना येत नाही. ढोलकीच्या एखाद्या थापेवर बारीक 'टिक' आवाज येतो, आणि तो कळतो दोन वर्षांनी हेडफोन लावल्यावर. तोवर सीडी आणखी खराब झालेली असते.

म्हणूनच सीडी घालण्याआधी तपासायचा असतो तो ड्राइव्ह.

ड्राइव्हला विचारायचे तीन प्रश्न

हे तपासायला विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचं सॉफ्टवेअर आहे. जर्मनीच्या आंद्रे विथॉफ यांनी ते १९९८ च्या सुमारास बनवलं आणि घरगुती वापरासाठी ते फुकट आहे. त्यात 'ड्राइव्ह ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'डिटेक्ट रीड फीचर्स' हे बटण दाबायचं. त्याआधी ड्राइव्हमध्ये एखादी स्वच्छ, बिनओरखड्याची ऑडिओ सीडी घालायची. काही मिनिटांत तीन उत्तरं मिळतात.

पहिला प्रश्न : सलग वाचता येतं का? ऑडिओच्या तुकड्यावर पत्ता नसल्यामुळे काही ड्राइव्ह थांबून पुन्हा सुरू करताना थोडे पुढे किंवा मागे जातात. मग काही नमुने दोनदा येतात, काही गळतात. नेमक्या जागेवरून वाचणाऱ्या ड्राइव्हला 'अ‍ॅक्युरेट स्ट्रीम' आहे असं म्हणतात. हल्लीच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये हे असतं.

दुसरा प्रश्न : वाचलेलं लक्षात ठेवून तेच परत सांगतो का? चूक पकडायची साधी युक्ती म्हणजे तोच भाग दोनदा वाचायचा आणि दोन्ही वेळचं जुळतं का ते बघायचं. पण ड्राइव्हच्या आत एक छोटी मेमरी असते. दुसऱ्यांदा विचारलं की बरेच ड्राइव्ह सीडीकडे न बघता मेमरीतलंच उत्तर देतात. पाठ केलेलं उत्तर दोनदा विचारलं तर ते जुळणारच! याला 'कॅशिंग' म्हणतात. ते असलं म्हणून ड्राइव्ह टाकाऊ ठरत नाही. फक्त सॉफ्टवेअरला ते माहीत असावं लागतं. मग ते मध्ये दुसरीकडचा भाग वाचायला लावून ती मेमरी रिकामी करतं. यात वेळ जास्त जातो, पण तपासणी खरी होते.

तिसरा प्रश्न : चूक झाली की कबूल करतो का? काही ड्राइव्ह 'हा बाइट मला नीट दुरुस्त करता आला नाही' अशी खूण सोबत पाठवतात. ही 'सी-टू' माहिती. पण 'सोय आहे' असं म्हणणं वेगळं आणि प्रत्येक चूक प्रामाणिकपणे सांगणं वेगळं. म्हणून ही चाचणी ओरखडे पडलेल्या सीडीवर करावी लागते, आणि त्यासाठी 'एक्झामिन सी-टू फीचर' असं वेगळं बटण आहे. निकालाबद्दल शंका असेल तर सी-टूवर विसंबू नका, तो पर्याय बंद ठेवा आणि दोनदा वाचून जुळवण्यावर भर द्या.

या तीन उत्तरांनुसार सेटिंग ठेवून 'सिक्युअर मोड' निवडायचा. यात प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो. जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा, गरज पडली तर ८० हून जास्त वेळा. तरीही शंका राहिली तर गाण्याच्या कितव्या मिनिटाला गडबड आहे ते अहवालात लिहून मिळतं.

मॅकवर हेच काम 'एक्सएलडी' करतं. लिनक्सवर 'सीडीपॅरानॉइया' आणि 'व्हिपर' आहेत, आणि ड्राइव्हची मेमरी तपासायची सोय त्या दोन्हींत आहे.

ऑफसेट म्हणजे काय?

प्रत्येक मॉडेलच्या ड्राइव्हला एक ठरलेली खोड असते. गाणं जिथून सुरू होतं, तिथून काही नमुने पुढे किंवा मागे धरून तो वाचायला लागतो. लाइट-ऑनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी +६ ची दुरुस्ती लागते, प्लेक्स्टरच्या बऱ्याच जुन्या ड्राइव्हला +३०, तर पायोनियरच्या काही नव्या ड्राइव्हला +६६७.

६६७ नमुने म्हणजे किती? सेकंदाचा साधारण ६६ वा भाग. कानाला काही फरक पडत नाही. मग एवढा खटाटोप कशाला? कारण दोन नकला तुलनेला ठेवायच्या तर दोन्हींची सुरुवात एकाच बिंदूवर हवी. एक नमुना जरी सरकला तरी कॉम्प्युटरच्या हिशेबाने त्या दोन वेगळ्या फाइल्स होतात.

सगळ्यात मोठी अडचण : साक्षीदार कोण?

जगभरातल्या लोकांनी काढलेल्या नकलांचे आकडे जमा करणारा 'अ‍ॅक्युरेटरिप' नावाचा एक साठा आहे. तुम्ही एखादी प्रसिद्ध सीडी वाचलीत की तुमचा आकडा त्या साठ्याशी ताडून बघता येतो. वेगवेगळ्या ड्राइव्हवर, वेगवेगळ्या प्रतींवरून इतर लोकांनाही तोच आकडा मिळाला असेल, तर तुमची नक्कल बरोबर आहे यात शंका उरत नाही. 'सीयूईटूल्स'चा असाच एक साठा आहे. तो तर छोटी चूक दुरुस्तही करून देऊ शकतो.

पण गुहागरच्या वाडीतलं नमन त्या साठ्यात कुठून असणार?

ती सीडी जगात एकच, किंवा फार तर पाच-दहा घरांत. तिच्या बाजूने बोलणारा दुसरा साक्षीदार नाही. म्हणजे जी सीडी सर्वांत मोलाची, तिच्याच बाबतीत चूक पकडायचं हत्यार हातात नसतं. अशा वेळी सगळा भरवसा ड्राइव्हवर, आणि म्हणून तो आधी तपासलेला हवा.

यावर उपाय आहे, आणि तो घरच्या घरी होतो.

आधी खोक्यातल्या विकतच्या, खूप खपलेल्या दोन-तीन सीडी घ्या. त्या साठ्यात सापडल्या तर ड्राइव्हचा ऑफसेट सॉफ्टवेअर स्वतःच ओळखतं. मग त्यांची नक्कल काढा आणि आकडे जुळतात का बघा. सगळे जुळले तर ड्राइव्ह आणि सेटिंग दोन्ही ठीक आहेत. म्हणजे ओळखीच्या सीडीवर परीक्षा घ्यायची आणि पास झालेल्या ड्राइव्हलाच वाडीची सीडी द्यायची.

मग ती एकुलती एक सीडी 'टेस्ट अँड कॉपी' वापरून वाचा. यात गाणं दोन स्वतंत्र फेऱ्यांत वाचलं जातं आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी दिसतात.

शक्य असेल तर शेजाऱ्याचा जुना डेस्कटॉप किंवा वेगळ्या कंपनीचा ड्राइव्ह मिळवून त्यावरही तीच सीडी वाचा. प्रत्येकाचा ऑफसेट बरोबर घातलेला असला आणि दोन्ही ड्राइव्हचे आकडे जुळले, तर समजा दुसरा साक्षीदार मिळाला. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटच्याच्या अखेरीला किरकोळ फरक आला तर घाबरू नका, सीडीच्या टोकांना काही ड्राइव्ह पोहोचत नाहीत.

सुरुवात कुठल्या सीडीपासून?

मार्करने नाव लिहिलेल्या सीडीपासून. विकतच्या सीडीत माहिती छापलेल्या खड्ड्यांच्या रूपात असते. घरी किंवा स्टुडिओत 'राइट' केलेल्या सीडीत ती रंगाच्या एका थरात असते, आणि तो थर ऊन, उष्णता आणि दमट हवेने उतरत जातो. गुहागरसारख्या समुद्राकाठच्या गावात चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. कौलाखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात काय तापतं ते वेगळं सांगायला नको.

सीडी पुसायची तर मऊ, ओलसर कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा गाण्याच्या रेषेच्या बाजूनेच धावतो आणि एकाच ठिकाणची बरीच माहिती एकदम खातो. आडवा ओरखडा त्यापेक्षा परवडला. आणि नाव लिहिलेली बाजू जास्त जपा. चमकणाऱ्या बाजूला प्लास्टिकचं जाड कवच असतं, नावाच्या बाजूला माहितीवर फक्त पातळ लेप असतो.

नक्कल 'एफएलएसी' या प्रकारात ठेवा. त्यात जागा कमी लागते आणि आवाजातलं काहीही गळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एमपीथ्री नंतर कधीही बनवता येते, पण एमपीथ्रीतून मूळ आवाज परत आणता येत नाही. अहवालाची फाइल सोबत ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा, आणि मूळ सीडी मात्र टाकू नका.

मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, पुण्याचं अलूरकरही राहिलं नाही. सीडीची दुकानं गेली, आता ड्राइव्हही जात आहेत. अजून ते विकत मिळतात, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बऱ्याच सीडी अजून वाचता येतात. या तिन्ही गोष्टी किती वर्षं एकत्र राहतील ते कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्या खोक्यासाठी एक दुपार काढून ठेवा.