खेळातल्या आगगाडीचा सांधा

आगगाडीच्या अनेक छोट्या प्रतिकृतींत सांधा बदलायला दोन वेटोळी असतात. एक लोखंडी दांडी डावीकडे ओढते, दुसरे उजवीकडे. वेटोळ्याचा रोध ४ ओहम आणि दाब १६ व्होल्ट धरू. प्रवाह ४ अँपिअर, म्हणजे दर सेकंदाला ६४ ज्यूल उष्णता! दांडी क्षणात सरकते, पण बटण दाबून धरले (मुले धरतातच!) तर वेटोळे जळते. म्हणून आपण १६ व्होल्टच्या एकदिश पुरवठ्यावर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १००० ओहमच्या रोधकातून भारित करू. बटण दाबताच त्यातले सुमारे ०.६ ज्यूल झटक्यात वेटोळ्यात जातात. नंतर बटण अडकले, तरी रोधक १६ मिलिअँपिअरच प्रवाह येऊ देतो. कपॅसिटर पुन्हा भारित व्हायला मात्र सुमारे १५ सेकंद लागतात. तोवर सांधा हलत नाही.