३५, ५० की ८५? पहिली प्राइम लेन्स घेण्याआधी घरातली खोली मोजा

कॅमेरा घेऊन सहा महिने झाले की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. इन्स्टावर इतरांच्या फोटोंमध्ये मागचे दिवे असे गोल, मऊ दिसतात, मग आपल्या फोटोत का नाही? कॅमेरा तर तोच आहे. कुणीतरी सांगतं, ‘किट लेन्स सोड, ५० एमएम घे.’ आपण पैसे जमवतो, लेन्स येते आणि घरातल्या पहिल्याच बारशाला लक्षात येतं की पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये फक्त आत्याचा चेहरा मावतोय. पाळणा बाहेरच!

यात लेन्स वाईट नसते, निवड चुकलेली असते. प्राइम लेन्समध्ये ३५, ५० आणि ८५ हे तीन आकडे सगळ्यात लोकप्रिय आहेत. त्यातला आपल्या कामाचा कोणता, हे दुकानात जाण्याआधी घरच्या घरी ठरवता येतं. कसं, ते बघू.

प्राइम म्हणजे काय आणि ‘फास्ट’ म्हणजे काय?

झूम होत नाही ती प्राइम लेन्स. तिची फोकल लेंग्थ एकच असते. जवळचं-लांबचं हवं असेल तर लेन्स फिरवायची नाही, आपणच पुढे-मागे व्हायचं. झूमची सोय सोडल्याच्या बदल्यात कमी पैशांत मोठं ॲपर्चर मिळतं, म्हणजे प्रकाश आत यायचं भोक मोठं असतं.

एफ १.८, एफ ५.६ हे आकडे त्या भोकाचंच माप सांगतात. फोकल लेंग्थला एफ नंबरने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० एमएम एफ १.८ लेन्सचा व्यास होतो सुमारे २८ मिलिमीटर. तुमची १८-५५ ची किट लेन्स ५५ वर गेली की एफ ५.६ ला अडकते, तिथे व्यास जेमतेम १० मिलिमीटर असतो. म्हणूनच एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त.

किती जास्त? एफ ५.६ पेक्षा एफ १.८ ला जवळपास दहापट. औक्षणाच्या वेळी निरांजनाच्या उजेडात किट लेन्स १/१५ सेकंद शटर मागत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर प्राइम लेन्स १/१२५ वर काम भागवते. १/१५ ला ओवाळणारा हात हमखास हलतो, १/१२५ ला तो बऱ्यापैकी स्थिर येतो. शटर असं वेगात चालवता येतं म्हणून या लेन्सला ‘फास्ट’ म्हणतात.

याचं टोकाचं उदाहरण सिनेमातलं आहे. स्टॅनली कुब्रिकने १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या ५० एमएम एफ ०.७ लेन्सने चित्रित केले. ही लेन्स मुळात नासासाठी बनवलेली होती.

आता खोली मोजा

फोकल लेंग्थ वाढते तशी फ्रेम अरुंद होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ एमएमला आडवं साधारण ५४ अंश दिसतं, ५० ला ४० अंश आणि ८५ ला फक्त २४ अंश. पण अंशांवरून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून फुटांत बोलू.

समजा, नऊवारी नेसलेल्या बहिणीचा डोक्यापासून पायापर्यंत उभा फोटो काढायचाय. कॅमेरा उभा धरला, वर-खाली थोडी जागा सोडली, तर तुम्हाला तिच्यापासून किती लांब उभं राहावं लागेल?

फुल फ्रेमवर:
- ३५ एमएम: साधारण साडेसहा फूट
- ५० एमएम: साधारण ९ फूट
- ८५ एमएम: साधारण साडेपंधरा फूट

पण पहिला कॅमेरा सहसा फुल फ्रेम नसतो. त्यात लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असतो. तो लेन्सने दिलेल्या चित्राचा फक्त मधला भाग घेतो. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप कॅमेऱ्यांवर फोकल लेंग्थला १.५ ने गुणायचं, कॅननवर १.६ ने. म्हणजे ५० एमएम तिथे ७५ किंवा ८० सारखी वागते. मग तेच अंतर असं होतं:

- ३५ एमएम: जवळपास १० फूट
- ५० एमएम: साधारण १४ फूट
- ८५ एमएम: जवळपास २४ फूट

दहा बाय दहाच्या खोलीचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्णच १४ फुटांचा असतो. म्हणजे क्रॉप कॅमेऱ्यावर ५० लावली, तर बहीण एका कोपऱ्यात आणि तुम्ही समोरच्या कोपऱ्यातल्या भिंतीच्या आत. बारशाचा घोळ इथेच होतो.

३५ : घर, गर्दी आणि गोष्ट

माणूस आणि त्याच्या आजूबाजूचं जग दोन्ही एकत्र हवं असेल तर ३५. घरचा गणपती, हळद, स्वयंपाकघरातली आजी, मिरवणुकीतलं ढोल पथक. जिथे मागे सरकायला जागा नसते, तिथे ही लेन्स उपयोगी पडते. फक्त चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका. खूप जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. सेल्फीत तेच होतं.

क्रॉप कॅमेऱ्यावर ३५ साधारण ५० सारखी दिसते. निकॉनने २००९ मध्ये क्रॉप कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र ३५ एमएम एफ १.८ काढली, तीही याच गरजेपोटी. ३५ ची खरी रुंदी क्रॉपवर हवी असेल, तर २३-२४ एमएमच्या आसपासची लेन्स बघावी लागते.

५० : मधली वाट

५० ला ‘नॉर्मल’ लेन्स म्हणतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्याचा कर्ण सुमारे ४३. ५० त्याच्या जवळ असल्यामुळे फोटो ना ताणलेला वाटतो, ना दाबलेला. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या लायका कॅमेऱ्यालाही ५० एमएमच होती. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम ५० वरच केलं.

फुल फ्रेम असेल तर पहिली लेन्स म्हणून ५० सहसा चुकत नाही. क्रॉप असेल तर ती पोर्ट्रेट लेन्स समजूनच घ्या. अंगणात, गच्चीवर, कॉलेजच्या कॅम्पसमध्ये मस्त चालते. खोलीत कोंडी होते.

८५ : चेहरा आणि ते गोल दिवे

आता त्या मऊ दिव्यांकडे येऊ. फार लांबचा दिवा ब्लर होऊन जो गोळा बनतो, तो चेहऱ्याच्या शेजारी साधारण भोकाच्या व्यासाएवढा दिसतो. एफ १.८ ला ३५ एमएमचा व्यास १९ मिलिमीटर, ५० चा २८ आणि ८५ चा तब्बल ४७. म्हणजे ८५ मध्ये लांबच्या माळेतला एकेक दिवा डोळ्यापेक्षाही मोठा दिसू शकतो. तो लूक यातून येतो.

त्याची किंमतही असते. फुल फ्रेमवर दीड मीटरवरून एफ १.८ ला ८५ एमएमचा शार्प पट्टा फक्त साडेतीन सेंटीमीटरचा. एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर सहज होऊ शकतो. त्याच अंतरावरून ५० ला हा पट्टा जवळपास १० आणि ३५ ला २० सेंटीमीटर मिळतो. शिवाय ८५ ला जवळचं फोकस होत नाही. कॅननच्या जुन्या ८५ एमएम एफ १.८ ला किमान ८५ सेंटीमीटर अंतर लागतं, त्यामुळे ताटाचे फोटो काढायला खुर्ची मागे ओढावी लागते. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी हॉलच्या मध्यावरून नवरीचा चेहरा टिपायला मात्र ८५ सारखी लेन्स नाही.

एफ १.४ साठी जास्त पैसे द्यावेत का?

एफ १.८ पेक्षा एफ १.४ ला सुमारे दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश मिळतो. फरक आहे, पण एफ ५.६ वरून एफ १.८ वर येताना जी दहापट उडी मिळते, त्यापुढे तो लहान आहे. वजन आणि किंमत मात्र बरीच वाढते. पहिल्या लेन्ससाठी एफ १.८ पुरते. आणि ग्रुप फोटो काढताना एफ १.८ वर राहायचंच नाही, एफ ४ किंवा ५.६ करा. नाहीतर पुढची रांग शार्प आणि मागचे काका-मामा सगळे ब्लर.

सेकंड हँड घेताना

आधी माउंट बघा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नसते. त्यावर जुनी ५० एमएम एफ १.८ डी बसते, पण ऑटोफोकस होत नाही. स्वस्त मिळतेय म्हणून ती घेतली, तर प्रत्येक फोटोला हाताने फोकस करावा लागेल. कॅननची जुनी ईएफ लेन्स नव्या आर मालिकेच्या मिररलेसवर लावायला ॲडॅप्टर लागतो, तोही बजेटमध्ये धरा.

फुकटात चाचणी अशी करा

किट लेन्स ३५ वर ठेवून तिच्या रिंगवर चिकटपट्टी लावा. एक अख्खा दिवस तशीच वापरा. दुसऱ्या दिवशी ५० वर. घरात, रस्त्यावर, मित्रांमध्ये. कोणत्या दिवशी ‘अजून मागे जायला हवं होतं’ असं जास्त वेळा वाटलं, ते लिहून ठेवा. ब्लर दिसणार नाही, पण फ्रेम नेमकी तीच दिसेल.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. तुम्हाला आवडलेले स्वतःचे पन्नास फोटो काढा आणि त्यांच्या डिटेल्समध्ये फोकल लेंग्थ बघा. बहुतेक २५ ते ३५ च्या मध्ये असतील तर ५० घेऊन तुमची चिडचिड होईल. बहुतेक ५५ वर असतील, म्हणजे झूम संपेपर्यंत तुम्ही पुढे जाताय, तर ५० किंवा ८५ चा विचार करा. लेन्स मित्राकडून किंवा भाड्याने मिळत असेल, तर घरातल्या एखाद्या कार्यक्रमाला ती आधी वापरून बघा आणि मगच पैसे भरा.